पंधरा दिव्यांचं पारडं

वजन मी उलटं बांधलं म्हणून ते सुटलं, असं तू माझ्या लेकाला फोनवर सांगितलंस. चाळीस वर्षं बाजारात बसून भाजी तोलली आहे मी. वजनाची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हे मला शिकवायला तुला अजून एक जन्म घ्यावा लागेल, आणि त्या जन्मात तरी मोठ्या बहिणीचं ऐकून घ्यायला शिक. तू पाठवलेल्या कागदावर जसं काढलं होतंस तसंच मी बांधलं. कागद माझ्याकडे आहे. खाली तुझी सही आहे आणि सहीखाली 'निवृत्त' असं लिहिलंयस, जशी काही ती पदवीच. तेव्हा ही तक्रार आधी पदरात घे, मग पुढचं वाच.

आता रीतीचं. धाकट्या, तुला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि तुझ्या बायकोला त्याहून दोन जास्त, कारण दिवसभर तुझ्यासोबत तिला राहावं लागतं. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात त्याच्यावर दीड पान लिहिलं होतंस. मी सगळं वाचलं आणि माझं मत असं झालं की गुडघ्याला काही झालेलं नाही, तू त्याच्याकडे फार बघतोस. माझं विचारशील तर दात जेवढे उरले होते तेवढे आहेत, भूक लागते, झोप लागते, जिना उतरता येतो. (चढताना मध्ये थांबावं लागतं, पण वर तरी काय ठेवलंय घाईने बघण्यासारखं.)

तुला सगळा प्रकार ठाऊक आहे असं तू म्हणतोस. तुला ठाऊक आहे तो माझ्या लेकाने सांगितलेला. तो बँकेत बसतो, त्याला प्रत्येक गोष्ट चार ओळींत सांगायची सवय. चार ओळींत आईचं यंत्र धोकादायक आहे एवढंच मावतं. बाकीचं मी सांगते, आणि मी अडवणार नाही, तू मध्ये चहा पिऊन ये.

तीन वर्षांपूर्वी घळीतला विजेचा खांब पडला. वीज कचेरीचा माणूस आला, खांबाकडे बघून 'पडलाय' म्हणाला, वहीत लिहून घेतलं आणि गेला. त्यानंतर दर सहा महिन्यांनी कोणीतरी येतो आणि खांब अजून पडलेलाच आहे ना, याची खात्री करून जातो. मी दोन वर्षं कंदिलावर काढली. मग माझ्या डोक्यात आलं की घरामागून एवढा पाण्याचा पाट धावतोय, बारा महिने धावतोय, आणि खाली जाऊन काहीही करत नाही. आयतखाऊ मला कधीच बघवला नाही, मग तो पाण्याचा असला तरी. जुन्या गाडीचा आस घेतला, त्याला तेलाचे डबे अर्धे कापून लावले, चाक झालं. पिठाच्या गिरणीचा टाकलेला पट्टा आणला. विहिरीवरच्या पंपाची मोटर होती, ती उलट्या कामाला लावली, म्हणजे वीज खायची सोडून वीज द्यायला. त्यासाठी ती दोन काळी डबडी लागतात (कपॅसिटर म्हणतोस तू, आणि म्हणताना छाती काढतोस), ती तू पार्सलने पाठवलीस. ते उपकार मी मानते. एकदाच मानते, इथे मानले, पुन्हा विचारू नकोस.

दिवा लागला. शेजारचा शिंपी, ज्याचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लावून आहे, तो धावत आला आणि त्याने माझ्या पायाला हात लावला. मी म्हटलं, पाय सोड, वायर धर, तुझ्याकडेही ओढून घे. इथूनच सगळं सुरू झालं. कारण वीज करणं म्हणजे दुधाला विरजण लावण्यासारखं, जमलं की जमलं. पण तिला एका जागी बसवणं म्हणजे तुला लहानपणी हजामतीला बसवण्यासारखं. शिंप्याने इस्त्री लावली की माझे दिवे वाळलेल्या कांद्यासारखे तांबडे पडायचे. त्याने इस्त्री काढली की चाक मोकळं सुटायचं, दिवे डोळे वटारायचे आणि फट. पहिल्या पंधरवड्यात नऊ दिवे गेले, रेडिओतून धूर आला (बातम्या चालू होत्या, त्यामुळे मला वाटलं तिकडेच काहीतरी झालं), आणि पंखा असा फिरला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत तीन महिने पुढे गेलं.

तेव्हा मी तुला लिहिलं, आणि तू तो कागद पाठवलास. दोन गोळे, दोन दांडे, मध्ये खांब. चाक जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जातील, दांडे वर उचलले जातील आणि पाटाचं दार आपोआप खाली येईल. गिरणीत तीस वर्षं असंच चालायचं म्हणालास. चालत असेल. गिरणीत ते लोहाराने घडवलेलं होतं. माझ्याकडे गोळे नव्हते, म्हणून मी माझ्या तराजूची अर्ध्या किलोची दोन वजनं घेतली, तुझ्या कागदाप्रमाणे बांधली, आणि नेमका त्याच दिवशी माझा लेक आला. तो स्वयंपाकघरात बसून चहाचा पहिला घोट घेत होता. शिंप्याने इस्त्री काढली, चाक पिसाळलं, आणि एक वजन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येऊन, लेकाच्या कानावरून जाऊन, समोरच्या पिठाच्या डब्यात बसलं. डबा तेवढा पोचला. लेक पांढरा झाला. थोडा पिठाने, बाकीचा आपला आपण.

दुसरं वजन अजून सापडलेलं नाही. सापडेल. अर्धा किलो कुठे जातो.

त्यावर तुझा फोन आणि तुझी साक्ष. आणि त्यावर लेकाचा निकाल. आई, आता पुरे. यंत्र मोडायचं, घराला कुलूप लावायचं, आणि तू आमच्याकडे येऊन राहायचं. तिथे बटण दाबलं की दिवा लागतो. मी म्हटलं, इथेही लागतो. तो म्हणाला, तिथे लागलेला राहतो.

त्यांच्याकडे मी एकदा अकरा दिवस राहिले आहे. तिसरा मजला. बसायला मऊ खुर्ची आणि बघायला समोरच्या इमारतीची पाठ. सून चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही (ठेवली तरी तिच्या कानावर जातील, आणि नेणारा तूच असशील). नातवंडं गोड आहेत, शाळेतून आली की मला भेटतात आणि मग आपापल्या खोलीत जाऊन दार लावतात. मी करायचं काय? भाजी निवडायला घेतली तर निवडलेली येते. कपडे वाळत घालायला गेले तर यंत्रच वाळवून देतं. अकराव्या दिवशी मी लिफ्टमध्ये मुद्दाम दोनदा खाली-वर केलं, तेवढीच हालचाल. माणसाला कोणी कामाला लावत नाही अशा घरात माणूस पाहुणा असतो, मग ते लेकाचं का असेना, आणि मला मरेपर्यंत पाहुणी राहायचं नाही. म्हणून मी लेकाला म्हटलं, मला दोन महिने दे. दोन महिन्यांनी ये, तुझ्यासमोर सकाळी नऊ ते एक यंत्र चालवते. दिवा हलला तर मी माझं गाठोडं स्वतः बांधीन. नाही हलला तर पुन्हा तिसऱ्या मजल्याचं नाव काढायचं नाही.

तो बँकेचा माणूस. त्याने तिथल्या तिथे नियम लिहिले. शहरातून विजेचा दाब दाखवणारं काट्याचं मीटर आणून भिंतीला ठोकलं. नातीच्या नखांच्या रंगाने त्यावर दोन लाल रेघा मारल्या, एक दोनशेवर, एक दोनशे चाळीसवर. काटा या दोन रेघांच्या आत राहायचा. एकदाही बाहेर गेला, वरून किंवा खालून, की गाठोडं. सही केली. माझीही घेतली.

तर आता ऐक, मी काय केलं, आणि यात तुझा कागद नाही, तुझी गिरणी नाही, तुझं 'निवृत्त' नाही. मी पाटाच्या काठावर बसले आणि विचार केला, की मी चाळीस वर्षं काय करत होते. एका पारड्यात माल, एका पारड्यात वजन, आणि काटा मध्ये. गिऱ्हाईक म्हणतं दोन भेंड्या कमी करा, की मी दोन भेंड्या काढते आणि काटा सरळ व्हावा म्हणून दुसरीकडून काहीतरी उचलते. मग इथे वेगळं काय आहे? एका पारड्यात पाणी, दुसऱ्यात आपण सगळे जे काही लावून बसलोय ते. तू आणि तुझी गिरणी पाण्याच्या मागे लागलात, ते कमी करा, जास्त करा. पाण्याला कशाला छेडायचं? पाणी येतंय तेवढं येऊ दे. दुसरं पारडं सारखं ठेव.

मोजून बघितलं. पूर्ण पाण्यावर माझं चाक शंभराचे पंधरा दिवे ओढतं. चौदा असले तर चढेल होतं, सोळा असले तर मोटर रुसते आणि धरलेलं सगळंच सोडून देते. (मग तिला बॅटरीचा चिमटा लावून पुन्हा समजवावं लागतं.) म्हणजे पंधरा. नेहमी पंधरा, ना कमी ना जास्त, कोणाला गरज असो नसो. मग घरातली एकेक वस्तू तोलली. शिंप्याची इस्त्री साडेसात दिव्यांची. त्याचं शिवणयंत्र एक. माझे घरातले दिवे-पंखे मिळून दीड. पाणी तापवायची कांडी पाच. झाले पंधरा. आता शिंप्याने इस्त्री काढली की साडेसात दिव्यांचं काहीतरी त्याच क्षणी पारड्यात पडलं पाहिजे. म्हणून मी एका लाकडी फळीवर दिवे बसवले, सात शंभराचे आणि एक पन्नासाचा, प्रत्येकाला वेगळं बटण आणि सगळ्यांना मिळून एक. ती माझी वजनं. इस्त्री निघाली की फळी लावायची, इस्त्री लागली की फळी काढायची. बाजारातला माझा स्टूल खिडकीशी ठेवला. डावीकडे फळी आणि कांडीचं एक बटण, उजवीकडे पाटाच्या दाराचा दोर (पानं-पाचोळा अडकला किंवा पाणी चढलं तरच तो ओढायचा), आणि भिंतीतून शिंप्याकडे एक दोरी, तिच्या माझ्याकडच्या टोकाला म्हशीच्या गळ्यातली घंटा. शिंप्याने इस्त्री लावताना एक टोला द्यायचा, काढताना दोन. वाजवल्याशिवाय इस्त्रीला हात लावायचा नाही. शिंपी म्हणाला, आजी, मी काय इस्त्री करू का पूजा करू? मी म्हटलं, तू अंधारात शिव.

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. मग एकाएकी दिवे पुन्हा वटारायला लागले. घंटा नाही, काही नाही, आणि काटा वर. मी भिंतीवर थापा मारल्या. शिंपी म्हणाला, मी हात लावला नाही. मी म्हटलं, मग काय इस्त्रीला पाय फुटले? पुन्हा वर. पुन्हा तो म्हणे, हात लावला नाही. आम्ही नऊ दिवस भांडलो. मी त्याला खोटारडा म्हटलं, त्याने मला म्हातारी म्हटलं (हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं), त्याच्या बायकोने आमच्याकडचं गरम पाणी न्यायचं बंद केलं. दहाव्या दिवशी मी त्याच्या दुकानात जाऊन इस्त्रीसमोर मांडी घालून बसले, चोर पकडायला बसतात तशी. इस्त्री तापली, टक् असा आवाज झाला आणि तिच्यावरचा तांबडा ठिपका आपला आपण विझला. कोणी हात लावलेला नव्हता. जुनी जळाल्यावर त्याने आणलेली ती नवी इस्त्री होती, तिला स्वतःची अक्कल होती. तापली की स्वतः बंद, गार झाली की स्वतः चालू. मी शिंप्याची माफी मागितली नाही, पण त्याला माझ्या माळ्यावरची जुनी, तेवढ्याच दिव्यांची इस्त्री दिली. तिला अक्कल नाही, लावली की लागते आणि काढली की निघते. मला यंत्रात एवढंच पाहिजे असतं. माणसातही.

एक सांगायचं राहिलं. ती कांडी दिवसभर पिंपात जळत असते, कारण पाच दिवे कुठेतरी खर्च झालेच पाहिजेत. त्यामुळे माझ्याकडे सकाळ-संध्याकाळ उकळतं पाणी असतं. अर्धी गल्ली आंघोळीला येते. ज्या लोकांनी म्हातारीला वेड लागलंय म्हटलं, ते आता बादली घेऊन रांगेत उभे असतात आणि यंत्र नीट चाललंय ना, म्हणून काळजीने विचारतात.

मग तो दिवस आला. लेक आदल्या संध्याकाळी आला होता, सकाळी नऊला वही घेऊन मीटरसमोर बसला. मी स्टुलावर. शिंप्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग, घंटा चालू, एक टोला, दोन टोले, फळी वर, फळी खाली. दहा वाजले, काटा जागचा हलला नाही. अकरा वाजले. लेकाने जांभई दिली. जांभई म्हणजे मला अर्धी जिंकल्यासारखी वाटली. पावणेबाराला चाक जड वाटायला लागलं. पाटाच्या तोंडाशी पाचोळ्याचा गोळा अडकला होता. मी कांडी बंद केली, पारडं हलकं केलं, काटा धरून ठेवला, आणि लेकाला म्हटलं, जा, पाचोळा काढ. तो म्हणे, मी परीक्षक आहे, मी मदत करायची नाही. मी म्हटलं, मग मी उठते, तू हा दोर धर. त्याने दोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पँट न दुमडता पाटात उतरला.

गोळा निघाला. मागे साचलेलं पाणी धावत आलं. मी कांडी परत लावली आणि दोन्ही हातांनी दोर धरून पाटाचं दार हळूहळू खाली सोडायला लागले. ते एकदम सोडता येत नाही. धाडकन पडलं तर पाणी तुटतं, मोटर सगळं सोडते, काटा शून्यावर आणि मी तिसऱ्या मजल्यावर. लेक मांडीपर्यंत भिजून आला. त्याने पँट काढून शिंप्याकडे इस्त्रीने वाळवायला दिली, आतल्या खोलीत जाऊन टॉवेल गुंडाळला, आणि बाहेर येताना त्या खोलीतली सगळी बटणं एकामागून एक बंद केली. दिवा, पंखा आणि शेवटचं लाल बटण. ते कांडीचं दुसरं बटण होतं.

सहा दिवे एका दमात पारड्यातून गेले. आणि माझे दोन्ही हात दोराला. फळीपर्यंत हात पोचेना, आणि दोर सोडावा तर सगळंच संपतं. चाक किंचाळायला लागलं. ओसरीवरचा एक दिवा लेकाच्या डोक्यावर फुटला. माझा एकच अवयव मोकळा होता, उजवा पाय. त्याच्या अंगठ्यात मी घंटेची दोरी पकडली आणि खेचली. तीन टोले पडले.

तीन टोल्यांचं आमचं काही ठरलेलंच नव्हतं. एक म्हणजे लावतोय, दोन म्हणजे काढतोय. आणि ते तो द्यायचा, मी नाही. शिंपी सांगतो की घंटा उलट्या बाजूने वाजली तेव्हा त्याला वाटलं मी गेले. पण माणूस घाबरला की हाताला येईल ते करतो. त्याने हातातली इस्त्री होती तिथेच टेकवली, कोपऱ्यातली ती अकलेची दुसरी इस्त्री उचलली आणि तीही लावली. गार होती, त्यामुळे लगेच बंद पडली नाही. सहा गेले, साडेसात आले. दीड दिवा जास्तीचा झाला, तेवढं पाणी मी दोर हातभर ओढून दिलं. काटा आत आला. चाक शांत झालं.

मग माझा लेक, टॉवेलमध्ये, केसांत काचा, म्हणाला की काटा रेघेबाहेर गेला. मी म्हटलं, गेला. तो म्हणाला, चार आकडे मोजेपर्यंत बाहेर होता. मी म्हटलं, मीही मोजले. पण बंद कोणी केलं? तो म्हणाला, "खोलीतून बाहेर येताना बटण बंद करायचं. तूच शिकवलंस. न केलं तर कानाखाली द्यायचीस."

शिकवलं होतंच. चाळीस वर्षांपूर्वी दिलेलं वळण एवढं टिकलेलं बघून कुठलीही आई सुखावली असती, पण मला तेव्हा वेळ नव्हता. मी म्हटलं, "गिऱ्हाइकाने पारड्यात बोट घातलं तर ते वजनात धरत नाहीत. नऊपासून मी एकदाही चुकले का, ते लिही, आणि मग गाठोडं बांधायचं तर मी बांधते. सही केली आहे, मी फिरणार नाही."

तेवढ्यात शिंपी आला. त्याच्या हातात लेकाची पँट होती आणि पँटच्या मागच्या बाजूला इस्त्रीच्या आकाराचं भोक, टोकासकट. तो म्हणाला, "आजी, जिवंत आहात ना? मग ही पँट माझ्याकडून धरू नका, ही घंटेची."

लेक बराच वेळ पँटमधून पलीकडे बघत राहिला. मग वही उघडली. तो कितीही चार ओळींचा माणूस असला तरी खोटं लिहीत नाही, एवढं मी त्याच्याबद्दल सांगते. त्याने लिहिलं, 'बारा वाजून दहा. काटा बाहेर. कारण, मी.' आणि एक वाजेपर्यंत टॉवेलमध्ये हात मांडीवर ठेवून बसून राहिला, कशालाही न शिवता. एक वाजता त्याने वही मिटली आणि म्हणाला, राहा. संध्याकाळी शिंप्याच्या एका गिऱ्हाइकाच्या पँटमध्ये परत गेला. आखूड होती.

त्याने अट मात्र घातली. रोज सकाळी नऊला फोन करणार, काटा किती ते विचारणार. मी रोज सांगते, दोनशे वीस. बस, तेवढंच बोलणं, आणि मला ते पुरतं.

तर धाकट्या, हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की तू लेकाला फोन करून सांग की वजन बरोबर बांधलं होतं, कागद चुकीचा होता. बाकी मला कोणाकडून काही नको. ना कागद, ना पार्सल, ना सल्ला. घर माझं, पाट माझा, काटा माझा. मी इथून हलणार नाही.

तुझी,
थोरली

ता. क. पट्टा घसरतो, त्याला लावायला राळ कुठली चांगली ते कळव. हा सल्ला नव्हे, चौकशी आहे.

दुसरा ता. क. वर मी काटा हलला नाही, काटा वर गेला, काटा आत आला असं जे लिहिलं आहे, ते सगळं खरं आहे, पण मी ते पाहिलेलं नाही. दोन महिने झाले, मला काटा दिसत नाही. भिंत दिसते, मीटर पुसट गोलासारखं दिसतं, बाकी दूध सांडल्यासारखं. त्या दिवशी लेक म्हणाला, आई, चार तास तुझी नजर मीटरवरून ढळली नाही. नंतर चाचपून बघितलं तेव्हा कळलं, मी मीटरशेजारच्या खिळ्याकडे बघत होते. मी सगळं चाकाच्या आवाजावर चालवलं. आणि फोनवरचं दोनशे वीसही तेच. चाक खूश असेल तर दोनशे वीस. या पत्राच्या ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या असतील तर समजून घे.

तिसरा ता. क. डोळ्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला पुढच्या महिन्याची नऊ तारीख दिली आहे. एक दिवस तिथे, आणि पुढे आठ दिवस वाकायचं नाही, ओढायचं नाही, धुरात जायचं नाही. यंत्र नऊ दिवस बंद ठेवलं तर नऊ वाजता फोनवर मी काय सांगू? लेक त्याच संध्याकाळी कुलूप घेऊन हजर. त्याला मी सांगेन, डोळा उघडल्यावर, खऱ्या काट्याचा खरा आकडा सांगताना सांगेन. तोपर्यंत स्टुलावर कोणीतरी बसायला हवं. इथून हलणार नाही असं वर ठासून लिहिलं, पण नऊ दिवस हलल्याशिवाय पुढे इथे राहता येणार नाही, असा पेच आहे.

तुला बोलवत नाहीये. तू आलास तर पहिल्या दिवशी काट्याकडे बघशील, दुसऱ्या दिवशी सुधारणा सुचेल, आणि तिसऱ्या दिवशी मोटर अंगणात वेगवेगळ्या तुकड्यांत पडलेली असेल. मला तुझी बायको पाठव. तिला विजेतलं काही कळत नाही, हे तू सांगू नकोस, मला ते माहीत आहे आणि म्हणूनच ती हवी. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे ज्या बाईला तुझ्यासोबत अडतीस वर्षं काढून कळलंय, तिला दोन टोले आणि एक टोला म्हणजे काहीच नाही. फोन आला तर तिने दोनशे वीस म्हणायचं आणि ठेवायचा. मीही तसंच करते, लेकाला फरक कळणार नाही. तू नऊ दिवस आपला चहा आपण कर, गुडघा त्यानेच बरा होईल.

उत्तर तिने लिहायचं, तिच्या हाताने, येते किंवा येत नाही एवढंच. तू फक्त पाकिटाला डिंक लाव.